वरच्या खाचरातली पट्टी

मला याद्या करायची सवय आहे. शहापुरातल्या एका शाळेत मी मुख्य लिपिक आहे, तिथे ही सवय कामाला येते. घरी तिची चेष्टा होते. माझी वही लांबट, आडव्या रेघांची. डाव्या कडेला काम लिहायचं, मधली जागा मोकळी सोडायची आणि काम झालं की उजव्या कडेला खूण करायची. शाळेच्या वर्षाला एक वही, जून ते मे. भरलेल्या वह्या कपाटाच्या खालच्या खणात ओळीनं लावलेल्या आहेत. त्यांतली एक मी कधी बाहेर काढत नाही. हे लिहायला बसले तेव्हा काढली.

माझं माहेर डोळखांबच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. घरी दादा आणि वहिनी. त्यांची एकुलती लेक खर्डीला दिलेली, त्या वर्षी तिचं बाळ सहा महिन्यांचं होतं. वहिनी मुरबाडकडची. लग्न होऊन आली तेव्हा ती आणि मी साधारण एकाच वयाच्या, त्यामुळे नणंद-भावजयीचा मान आम्ही कधी पाळलाच नाही. ती मला घरातल्या सगळ्यांसारखं ‘बाय’ म्हणायची आणि शिव्याही घालायची.

दर वर्षी आवणीला मी चार दिवस रजा टाकून जाते. राबातली, म्हणजे भाजून तयार केलेल्या वाफ्यातली, रोपं उपटायची, मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या भातखाचरात ती लावायची, ही आमच्याकडची आवणी. मजूर लावत नाहीत. आज वाडीतल्या बायका आमच्यात, उद्या आम्ही त्यांच्यात. कोण कोणत्या दिवशी येणार, कोणतं खाचर आधी, रोपांच्या मुठी किती लागतील, हे सगळं माझ्या वहीत.

बायका ओळीनं वाकून उभ्या राहतात आणि लावत लावत मागे सरकतात. प्रत्येकीचा हात पोचेल तेवढा पट्टा तिचा. डाव्या टोकाला बांधालगत कायम वहिनी. बांधाची कड वाकडीतिकडी असते, तिथे सरळ ओळ धरणं सगळ्यांना जमत नाही. वहिनीला जमायचं. बाकीच्या तिची ओळ बघून आपली सुधारायच्या.

त्या वर्षी वरचं खाचर शेवटी घेतलं. मी बांधावर उभी राहून मुठी टाकत होते. वहिनीच्या डाव्या हातातून मूठ दोनदा निसटून चिखलात पडली. “हात झोपलाय मेला,” असं म्हणून तिनं तो झटकला आणि पुन्हा वाकली. अर्धं खाचर झालं तेव्हा माझं लक्ष गेलं. तिची ओळ आणि बांध यांच्यामध्ये मोकळी पट्टी राहिली होती. जिथून सुरुवात केली तिथे वीतभर, आणि मागे येता येता रुंद होत होत दीड हात.

“वहिनी, बांधाच्या कडंनी कोणाला वाट सोडलीस गो? ट्रॅक्टर जायचा हाय का?”

बायका हसल्या. एक म्हणाली, “दादाला निजायला जागा ठेवलीन तिनं.”

वहिनी कंबर धरून सरळ झाली. तिनं बायकांकडे पाहिलं, समोर पाहिलं. “कुठं हाय वाट? भरलंय की सगळं. डोळं शाळंत इसरून आलीस का?”

“अगो, डावीकडं बघ.”

“बघतेच हाय मी. भरलंय.”

तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. तिला खरोखरच राग आला होता. मी पुढे बोलणार, तेवढ्यात शेजारच्या काकू मध्ये पडल्या. वाडीत त्यांचं वय सगळ्यांत मोठं, त्यामुळे त्या सांगतील तशी रीत. “राहू दे आता. सुटली ती सुटली. सुटलेली जागा मागनं भरायची नसते. शेतातल्या देवानं मागून घेतली ती.”

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्या दिवशी रोपं कमी पडली होती, माझा हिशेब दहा-बारा मुठींनी चुकला होता. देवानं जागा मागून घेतली म्हटल्यावर मला सुटल्यासारखं झालं. तरी सवयीनं मी वहीत लिहिलं : ‘वरचं खाचर, बांधाकडची पट्टी भरणे.’ दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी त्या पट्टीच्या कडेला नारळ वाढवला, दगडाला कुंकू लावलं. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. वहिनीनंही जोडले. मग मला हळूच म्हणाली, “इथं कशाला गो देव आणलान काकूनं?”

मी शहापूरला परत आले. त्या ओळीसमोर खूण झाली नव्हती.

श्रावणात एका रविवारी पुन्हा गेले. वहिनीची उजवी बट चोपून बसवलेली होती आणि डाव्या बाजूचे केस तसेच, गुंता झालेले. घाईत असेल, असं मला वाटलं. जेवताना ती दादावर खेकसली, “मला भाजी नाय वाढली.” भाजी ताटातच होती, डाव्या अंगाला. दादानं ती बोटानं दाखवली, हसला आणि मला म्हणाला, “म्हातारी झाली तुजी वहिनी. चष्मा कर तिला.”

मी लगेच वहीत लिहिलं. पुढच्या आठवड्यात तिला शहापूरला बोलावून घेतलं, डोळे तपासले, वयाप्रमाणे जो नंबर निघायचा तो निघाला, चष्मा केला. खूण केली. परत जाताना रिक्षात ती म्हणाली, “सकाळी डोकं धरतं गो. उलटीसारखं होतं.” मी म्हटलं, “नवा चष्मा आहे, चार दिवस होईल तसं.” डोकं चष्म्याच्या आधीपासून दुखत होतं का, हे मी विचारलं नाही.

गणपतीला आठ दिवस होते. वहिनी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिचा डावा हात आपोआप उडायला लागला, सुपाच्या कडेवर ताड ताड आपटायला लागला. काकू समोरच होत्या. वहिनीनं त्या हाताकडे पाहिलं आणि त्यांना विचारलं, “हा कोणाचा हात हाय?” काकूंनी हे मला पुढे किती वेळा सांगितलं असेल. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती आडवी पडली. काकूंनी आधी लिंबू आणलं, मग दादाला हाक मारली. दादानं मला फोन केला. “वारं लागलं म्हणतात काकू.”

“लिंबू बाजूला ठेव आणि गाडी काढ,” मी म्हटलं. “मी दवाखान्याच्या दारात उभी राहते.”

अशा वेळी मी चांगली असते. तालुक्याच्या दवाखान्यात झटका थांबवला, ठाण्याला फोटो काढायला पाठवलं, तिथून मुंबईला. कागद एका पिशवीत, पाण्याची बाटली दुसरीत, आधारकार्डाच्या चार झेरॉक्स. मुंबईच्या डॉक्टरबाईंनी फोटो उजेडासमोर धरला. मेंदूच्या उजव्या अर्ध्यात एक मोठा पांढरा ठिपका होता, जरा मागे दोन लहान.

“हे इथलं नाही,” त्या म्हणाल्या. “हे दुसरीकडून आलंय. मूळ शोधायला हवं.”

छातीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसात खाली, आवळ्याएवढी गाठ. सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सर.

दादाला पटेना. “डोकं दुखतं तर तुमी छातीत काय शोधता? खोकला नाय, दम नाय. आवणी केलीन तिनं, दोन म्हैने नाय झाले.”

“बऱ्याचदा असंच होतं,” त्या म्हणाल्या. “छाती गप्प राहते. डोकं आधी बोलतं.” मग त्यांनी विचारलं, विडी? नाही. मिश्री? नाही. घरात कोणी ओढतं? नाही. धूर?

दादानं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी राब भाजतात. जमिनीवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या डहाळ्यांची कवळं पसरून पेटवून देतात, म्हणजे पुढे तिथे रोपं जोमानं येतात. आमच्या घरी ते काम वहिनीचं. दिवसभर ती धुरात उभी राहून काठीनं आग सारखी करायची, पदर तोंडावर बांधून. शिवाय चूल, पावसाळ्यात ओल्या लाकडांची. भात उकडायची भट्टी. गोठ्यात डासांसाठी केलेली धुरी. बाहेर बाकावर बसून मी वहीत सगळ्या धुरांची यादी केली आणि डॉक्टरांकडे नेली. त्यांनी ती वाचली, कागद मला परत दिला आणि म्हणाल्या, “असेलही. नसेलही. नक्की कशानं, ते सांगता येणार नाही.” त्या यादीतल्या कुठल्याच ओळीसमोर खूण करता येत नव्हती. ते पान अजून तसंच आहे.

दादा भिंतीला टेकून उभा होता. मग मलाच म्हणाला, “म्हंजे राब छातीत, आणि आवणी डोक्यात.”

 इतकं नेमकं डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळचं जेवण आलं. वहिनीनं उजवीकडचा भात आणि वरण खाल्लं आणि ताट सरकवलं. डावीकडे भाजी, चपाती तशीच. “पोटभर देत पण नायत हितं,” ती कुरकुरली. वॉर्डातल्या सिस्टर जाता जाता थांबल्या, त्यांनी ताट अर्धा वळसा फिरवलं. वहिनी चकित झाली. “अगो! ही भाजी कवा आली?” आणि ती पुन्हा जेवायला लागली.

सिस्टर मला म्हणाल्या, “डावी बाजू यांच्यासाठी नाहीच आहे. डोळे चांगले आहेत हो. डाव्या बाजूला काही असतं, हेच मेंदू विसरलाय. ताट फिरवत जा. त्यांनाही फिरवायला शिकवा.”

वहिनी जेवत होती आणि मला वरचं खाचर दिसत होतं. वीतभर, मग हातभर, मग दीड हात. बांधावर मी उभी, हातात वही. ती म्हणाली भरलंय, आणि तिच्या दृष्टीनं ते भरलेलंच होतं. तिच्या डोक्यातल्या गाठीचा फोटो आम्ही ठाण्याला जायच्या महिना-दीड महिना आधी तिनंच चिखलात काढून ठेवलेला होता, मी तो उजेडात पाहिला होता, त्यावर विनोद केला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याला हात जोडले होते.

डोक्याला दहा दिवस किरण दिले, सूज उतरायच्या गोळ्या सुरू झाल्या. वहिनीचं बोलणं, आठवण, शिव्या सगळं शाबूत होतं. फक्त डावीकडचं जग परत आलं नाही. काही जणांना या आजारात नुसती गोळी लागू पडते. तुकड्याच्या तपासणीत तिला लागू पडणारी निघाली नाही. राहिलं केमोचं सलाईन. दर तीन आठवड्यांनी मुंबई, दसऱ्याच्या आधी सुरू करायचं. डॉक्टरबाई सरळ बोलल्या. सलाईननं थोडे महिने मिळतील, कदाचित. त्रास नक्की होईल. “घ्यायचं का, हे पेशंटला विचारून ठरवा.”

दादानं विचारलं नाही. जिन्यात मला थांबवून म्हणाला, “तिला सांगायचं नाय. सूज हाय म्हणायचं. समजलं तर जेवण सोडंल ती.” मी मान हलवली. खर्डीला भाचीला फोन करून हेच सांगितलं, काकूंना बजावलं, आणि वहीत लिहिलं : ‘कॅन्सर, वहिनीला सांगायचं नाही.’ सगळ्यांना सांगून झालं म्हणून उजवीकडे खूण केली. खाली लिहिलं : ‘सलाईन, मुंबई, नाव लावणे.’ तेही झालं. खूण.

आम्ही तिला घरी आणलं. मी शाळेतून मोठी रजा घेतली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती ओटीवर बसली होती, मी गोळ्यांच्या पाकिटांवर सकाळ-दुपार लिहीत होते.

“बाय, खरं सांग. काय झालंय मला?”

“सूज आहे डोक्यात.”

“सूज उतरवायला परत मंबईला कशाला नेता? तुज्या भावाला इचारलं तर तो गोठ्यात पळतो. लेक फोनवर रडते आन म्हणते सर्दी झाली. मला कळू दे, मग जायचं का नाय ते मी ठरवन. गाठोडं हाय का मी, उचललं का चालले?” मग ती थांबली. “तू वहीत खोटं नाय लिहीत. ती दाखव.”

नको म्हटलं असतं तर तिला कळलंच असतं. माझ्या मनात ते कसं आलं ते मला आजही सांगता येणार नाही, पण ते मी ठरवून केलं, एवढं खरं. मी उठून तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि ते पान उघडून वही तिच्या पुढ्यात धरली, जराशी माझ्याकडे ओढून. कामं सगळी डाव्या कडेला. तिला दिसणार होती फक्त उजवी कड.

तिनं बोट वरून खाली फिरवलं. “खुणाच खुणा.”

“हो.”

“म्हंजे समदं झालं. काय राहिलं नाय.”

“नाही.”

“मग बरं,” ती म्हणाली आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. दुपारी ती चांगली झोपली. मी पाकिटांवर लिहायचं काम पुरं केलं. एका पाकिटावर दोनदा ‘सकाळ’ लिहिलं गेलं होतं, ते खोडलं.

पाच दिवस गेले. तोवर वहिनीला ताट फिरवायची सवय झाली होती. निम्मं जेवली की आपणच फिरवायची आणि दर वेळी खूश व्हायची. “बघ, परत भरलं. मोप जेवण हाय या घरात.” त्या दुपारीही तिनं ताट फिरवलं, जेवली, हात धुतला. दादा अंगणात विळे काढून त्यांना धार लावत होता.

“बाय, वही आण.”

“कशाला?”

“आण तर.”

मी दिली. तिनं ती मांडीवर ठेवली, पानं उलटत ते पान काढलं, आणि दोन्ही कडांना धरून ताटासारखीच अर्धा वळसा फिरवली.

अक्षरं आता उलटी होती, पण तिच्या उजव्या बाजूला आली होती. ती बोट ठेवून एकेक अक्षर लावायला लागली. ओठ हलत होते. मला उठून वही काढून घेता आली असती. मी उठले नाही. अंगणात विळ्यावर दगड घासल्याचा आवाज चालू होता. तिचं बोट एका ओळीवर थांबलं, परत मागे गेलं, परत पुढे आलं.

“उलटं पण बरं दिसतं तुजं अक्षर,” ती म्हणाली.

मग ओळीवरचं बोट उचलून तिनं कपाळाला लावलं.

“डोक्यात?”

“छातीत. डोक्यात तिथून आला.”

“गणपतीपासनं ठाऊक तुमाला?”

“हो.”

“आन त्या दिवशी तू हिकडं बसलीस,” तिनं उजव्या हातानं डावीकडची हवा चाचपली, माझा दंड तिच्या हाताला लागला, “ते मला दिसू नये म्हणून.”

मी हो म्हटलं. तिनं माझा दंड सोडला नाही, जोरात चिमटा काढला. लहानपणी आई काढायची तसा, पीळ देऊन. वळ चार दिवस होता.

“ही खूण खोड. सांगायचं नाय म्हणं. झालं नाय हे काम.”

मी खोडली.

“आता सांग. किती?”

मी डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढं सांगितलं, त्यात भर घातली नाही आणि काढलंही नाही. सलाईन घेतलं तर थोडे महिने जास्त, कदाचित. नाही घेतलं तर पुढची आवणी नाही.

“कापणी?”

“कापणी मिळेल. बहुतेक.”

“मग सलाईन नको. मंबईला ओकत बसण्यापरास कापणी बघते.” आणि लगेच अंगणाकडे ओरडली, “अवो, त्या इळ्यांचा जीव घेता का आता? पुरं झाली धार!”

दादा माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. “तू सांगितलंस,” एवढंच म्हणाला. मी म्हटलं, “तिनं वाचलं.” “तू वाचू दिलंस,” तो म्हणाला. आधी मी काय केलं होतं ते त्याला माहीत नव्हतं. वहिनीनं त्याला कधी सांगितलं नाही. मीही नाही. आता इथे लिहिते आहे.

कापणी दिवाळीच्या आधी आली. खालची खाचरं झाली, शेवटी वरचं. वहिनीला आता चालता येत नव्हतं. दादानं तिला पाठुंगळी घेतलं, मी प्लास्टिकची खुर्ची घेतली. आवणीच्या वेळी तिचं तोंड डोंगराकडे होतं. आता सावली बघून आम्ही खुर्ची वरच्या टोकाला, डोंगर पाठीशी येईल अशी मांडली. मी खुर्चीचा एक पाय रुततो का ते पाहत होते. तो बांध आता तिच्या उजव्या हाताला आला आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

भात पिवळं, कमरेपर्यंत. आणि त्याच्या कडेनं, बांधालगत, ती पट्टी. वर अरुंद, खाली उतरत रुंद होत गेलेली. तिच्यात नुसतं गवत, तेही वाळलेलं. कुंकवाचा दगड काळा पडला होता. चार महिने ती तिथेच होती आणि भात वाढेल तशी जास्त खोल दिसत गेली होती.

वहिनी खुर्चीत पुढे झुकली.

“हे कोणी लावलंय? कोणत्या रांडेनं निम्मं सोडलंन?”

विळे थांबले. काकूंनी पदर तोंडाला लावला. दादा माझ्याकडे बघत होता, आणि तो काय म्हणतो आहे ते मला न बोलता कळत होतं. ‘मी लावलं’ म्हटलं असतं की संपलं असतं. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले, तिला दिसेन अशी.

“तू लावलंस, वहिनी.”

ती बघत राहिली. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. तिचा उजवा हात मांडीवर हलत होता, तीन बोटं जुळवून, रोप खोचताना करतात तसा.

“मला दिसलं नाय,” ती म्हणाली.

“नाही दिसलं.”

“तुला दिसलं?”

“हो. मी म्हटलं होतं तुला. तू म्हणालीस, भरलंय.”

“मी म्हटलं,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ संपलंय हे सांगावं तसा. “मग तू माजं ऐकलंस कशाला?”

 तिनं थोडी वाट पाहिली. मग विळे थांबलेले दिसले म्हणून बायकांवर ओरडली, आणि कापणी सुरू झाली.

पौषात ती घरीच गेली, दादाच्या हातावर, सकाळच्या चहाच्या वेळी. त्या वर्षीच्या वहीत त्यानंतर तेराव्यापर्यंतची सगळी कामं आहेत आणि सगळ्यांसमोर खुणा आहेत. मागे, जुलैच्या पानावरची पट्टी भरायची ओळ मात्र तशीच मोकळी.

पुढच्या आवणीला मी रजा टाकून गेले. टोकाच्या जागेवर कोण, असा प्रश्न आला तेव्हा कोणी पुढे होईना. मी वही काकूंकडे दिली, साडी खोचली आणि बांधालगत जाऊन उभी राहिले. माझी ओळ काही वहिनीसारखी नव्हती. रोपं मी पंधरा मुठी जास्तीची काढून घेतली होती. काकू बांधावरून म्हणाल्या, “देवाची जागा हाय गो ती, बाय.” मी ऐकलं नाही. कुंकवाचा दगड उचलून बांधावर ठेवला आणि लावत मागे सरकत गेले. शेवटाला येऊन कंबर सरळ केली.

डावीकडे पाहिलं. भरलेलं दिसत होतं.

शेजारच्या बाईला विचारलं, “भरलंय ना गो माझ्याकडंचं?”

“भरलंय की.”

“नीट बघ.”

“भरलंय गो बाय, किती वेळा इचारशील?”

मी चिखलातून बाहेर आले, पाय न धुता बांधावर चढले, वरच्या टोकाला, वहिनीची खुर्ची मांडली होती तिथे गेले, डोंगराकडे पाठ केली आणि बांध उजव्या हाताला घेऊन पुन्हा पाहिलं.